पुसलं, पण कुणाकुणाच्या फोनमधून? जुन्या पोस्ट आणि मेसेज काढण्याच्या सोयींचं परीक्षण

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, टेलिग्रॅम आणि एक्स (पूर्वीचं ट्विटर) या पाचही ठिकाणी जुना मजकूर काढून टाकायची सोय आहे. बटणाचं नाव सगळीकडे साधारण सारखंच, काम मात्र प्रत्येकाचं वेगळं. एकीकडे बटण दाबलं की समोरच्याच्या फोनमधलाही मेसेज जातो, दुसरीकडे तो फक्त तुमच्या नजरेआड होतो आणि बाकीच्यांना दिसत राहतो. त्यामुळे इथे आम्ही कसोटी एकच लावली आहे: तुम्ही पुसल्यानंतर त्या मजकुराच्या किती प्रती उरतात आणि त्या कुणाच्या हातात असतात. दिसायला सुटसुटीत, वापरायला सोपं वगैरे गुण आम्ही मोजलेले नाहीत.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात नोकरी देण्याआधी उमेदवाराचं नाव इंटरनेटवर शोधलं जाऊ शकतं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पण ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला जास्त धोका वेगळ्याच गोष्टींतून आहे. घोडबंदर रोडला किंवा खारघरला भाड्याचं घर शोधताना फेसबुक ग्रुपवर पोस्ट टाकलेली असते आणि तिच्यात मोबाइल नंबर, ऑफिसचा पत्ता, घरात किती माणसं हे सगळं असतं. लीव्ह अँड लायसन्ससाठी, म्हणजे भाडेकरारासाठी, एजंटला आधार, पॅन आणि फोटो व्हॉट्सॲपवर गेलेले असतात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आम्ही दहा दिवस गावी चाललोय, पेपर बंद ठेवा’ हा मेसेज विंग आणि फ्लॅट नंबरासकट पडलेला असतो. फसवणाऱ्याला तुमच्या राजकीय मताशी देणंघेणं नसतं. त्याला नाव, नंबर, जन्मतारीख, बँकेची शाखा आणि नातेवाइकांची नावं हवी असतात. तेव्हा सफाईची सुरुवात लाज वाटणाऱ्या जुन्या फोटोंपासून करू नका, या माहितीपासून करा.

आधी शोधा, मग पुसा. गुगलमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत टाकून पाहा, एकदा सलग आणि एकदा मध्ये जागा सोडून. मग व्हॉट्सॲपच्या शोधात ‘आधार’, ‘पॅन’, ‘पासबुक’, ‘एग्रीमेंट’ हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाका, वर ‘डॉक्युमेंट्स’चा फिल्टर लावा. फाइलच्या नावात हे शब्द असले की ती लगेच वर येते. फोटो मात्र असे सापडत नाहीत. ज्या माणसांना कागदपत्रं पाठवल्याचं आठवतं त्यांच्या चॅटमधला ‘मीडिया’ भाग उघडून ते डोळ्यांनीच पाहावे लागतात.

पुसण्याआधी स्वतःची प्रत उतरवून घ्या, असा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ही सोय अकाउंट्स सेंटरमध्ये आहे. फाइलचा प्रकार विचारतात तेव्हा वाचायची असेल तर एचटीएमएल निवडा, एखाद्या साधनाला पुरवायची असेल तर जेसन. पण उतरलेल्या या एका झिप फाइलमध्ये तुमचे खाजगी मेसेजसुद्धा एका जागी गोळा झालेले असतात. ती फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवली किंवा ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच राहिली, तर सगळ्यात धोक्याची प्रत तुम्ही स्वतःच तयार केलीत असं होतं. काम झालं की पासवर्ड लावून पेन ड्राइव्हवर हलवा किंवा नष्ट करा.

फेसबुक

जून २०२० मध्ये फेसबुकने ‘मॅनेज ॲक्टिव्हिटी’ आणलं आणि एकेक पोस्ट उघडून पुसायची गरज संपली. मेन्यू, सेटिंग्ज अँड प्रायव्हसी, ॲक्टिव्हिटी लॉग, तिथे तुमच्या पोस्ट असा रस्ता आहे. फिल्टरमध्ये तारखा टाकायच्या, पोस्टवर टिक करायच्या आणि ‘आर्काइव्ह’ किंवा ‘ट्रॅश’ निवडायचं. आर्काइव्ह केलेली पोस्ट फक्त तुम्हाला दिसते. ट्रॅशमधली ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते, घाई असेल तर त्याआधीही काढता येते.

गडबड होते ती ‘ऑल’च्या चौकोनात. त्यावर टिक केली तरी तोवर पडद्यावर उतरलेल्या पोस्टच निवडल्या जातात. खाली आणखी शंभर असतील तर त्या तशाच राहतात आणि तुमची समजूत होते की ते वर्ष साफ झालं. त्यामुळे आधी यादी तळापर्यंत सरकवा, एका वेळी एक-दोन महिन्यांचाच फिल्टर लावा, ट्रॅश केल्यावर पान नव्याने उघडून राहिलेल्या पोस्ट पाहा. मोठा गठ्ठा एकदम टाकला की त्यातल्या काही पोस्ट कसलीही सूचना न देता मागे राहतात. कंटाळवाणं काम आहे, पण वर्षानुवर्षांचा पसारा नीट निघतो तो असाच.

दुसरी चूक याहून जास्त होते. ‘तुमच्या पोस्ट’ या यादीत तुमच्या कमेंट नसतात, ग्रुपमधलं लिखाण नसतं, दुसऱ्यांनी तुम्हाला टॅग केलेले फोटोही नसतात. या प्रत्येकाची यादी ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये निराळी आहे. वर्तमानपत्राच्या किंवा नगरसेवकाच्या सार्वजनिक पानावर केलेली कमेंट कुणालाही दिसते, तुमचं प्रोफाइल कितीही बंद असलं तरी. भाड्याच्या घरासाठी टाकलेली पोस्ट ‘ग्रुप’च्या यादीत सापडेल. ग्रुप सोडला म्हणून तुमच्या पोस्ट जात नाहीत, म्हणून आधी पोस्ट काढा आणि मग ग्रुप सोडा. टॅग काढला की फक्त तुमचं नाव सुटतं, फोटो टाकणाऱ्याच्या खात्यावर तो राहतोच. तो हटवायचा तर त्याला फोन करून सांगणं हा खरा उपाय.

ज्यांना इतका वेळ नाही त्यांच्यासाठी ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ आहे. एका बटणात तुमच्या सगळ्या जुन्या ‘पब्लिक’ आणि ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स’ पोस्ट फक्त मित्रांपुरत्या होतात. सगळ्या पुन्हा एकदम उघड करायचं बटण मात्र नाही, ते एकेक करूनच जमतं. ज्यांना टॅग केलंय ते आणि त्यांचे मित्र त्या पोस्ट बघू शकतात, आणि सध्याचा कव्हर फोटो कायम सार्वजनिकच असतो. कव्हरवर इमारतीचं नाव दिसणारा गृहप्रवेशाचा फोटो असेल तर तो वेगळा बदला. आज पाच मिनिटंच हाताशी असतील तर हे एवढं तरी करून ठेवा.

मेसेंजरचं काम फेसबुकच्या मानाने फार अपुरं आहे. मेसेजवर बोट दाबून ‘अनसेंड’, मग ‘सगळ्यांसाठी’ असं केलं तर तो दोन्हीकडून जातो, पण एका वेळी एकच. ‘डिलीट चॅट’ केलं की संपूर्ण संभाषण फक्त तुमच्या बाजूने जातं, समोरच्याकडे शब्दन् शब्द राहतो. बटण ठळक आहे म्हणून बहुतेक लोक तेच दाबतात आणि विषय संपला असं धरून चालतात.

इन्स्टाग्राम

प्रोफाइलवरच्या तीन रेघा, मग ‘युअर ॲक्टिव्हिटी’. तिथे पोस्ट, रील, कमेंट, लाइक, स्टोरीला दिलेली उत्तरं वेगवेगळी लावलेली आहेत आणि तारखेने गाळून गठ्ठ्याने काढता येतात. पाचांमध्ये मांडणी सर्वांत स्वच्छ याची. काढलेल्या पोस्ट ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस राहतात, तिथूनही काढायला विसरू नका. थोड्या वेळात खूप कमेंट उडवल्या की ‘नंतर प्रयत्न करा’ असं सांगून खातं काही काळ अडवलं जातं. तेव्हा झगडू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा. खाजगी मेसेज इथेही एकेक करूनच ‘अनसेंड’ होतात.

व्हॉट्सॲप

आपल्याकडची सगळी कागदपत्रं, सगळी भांडणं आणि सगळे पत्ते इथे आहेत, आणि पुसण्याची सोय इथेच सर्वांत फसवी आहे.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ २०१७ मध्ये आलं तेव्हा मुदत ७ मिनिटांची होती. ऑगस्ट २०२२ पासून ती दोन दिवसांहून थोडी जास्त आहे. त्यानंतर मेसेजवर बोट दाबलं की फक्त ‘डिलीट फॉर मी’ दिसतं आणि त्याने समोरच्याकडे काहीही बदलत नाही. म्हणजे मागच्या वर्षी एजंटला पाठवलेलं आधार आता तुमच्या हातून पुसलं जाणार नाही. ‘क्लिअर चॅट’, ब्लॉक, ग्रुपमधून बाहेर पडणं, अगदी खातं बंद करणं, यातल्या कशानेही नाही. एजंटला किंवा घरमालकाला साधा मेसेज करावा: करारनामा नोंदला गेला आहे, माझी कागदपत्रं तुमच्या चॅटमधून आणि गॅलरीतून काढा. अनेक जण काढतात, कारण त्यांच्याही फोनची जागा भरलेली असते.

मुदतीच्या आत पुसलं तरी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी मागे राहते. समोरच्याकडे अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल आणि ‘नोटिफिकेशन हिस्ट्री’ चालू असेल, तर आलेल्या सूचनेतला मजकूर २४ तास तिथे वाचता येतो. आयफोनवर फोटो आपोआप फोटो ॲपमध्ये जतन होत असेल तर तो तिथून जात नाही. कुणी चॅट ‘एक्सपोर्ट’ केलं असेल तर त्या मजकुराच्या फाइलला तुमचं बटण पोहोचत नाही.

ठाण्यात कोर्टनाक्याला आणि बेलापुरात कोकण भवनाच्या आसपास रोज घडणारी गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. प्रिंट काढायची म्हणून झेरॉक्सच्या दुकानाच्या नंबरवर आधारची पीडीएफ पाठवली जाते. दुकानात व्हॉट्सॲप संगणकावर उघडलेलं असतं, फाइल तिथे ‘डाउनलोड्स’मध्ये उतरते आणि तिथून छापली जाते. तुम्ही घरी जाऊन ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंत तर चॅटमधली प्रत जाते, ‘डाउनलोड्स’मधली तशीच राहते. दिवसभरात आलेल्या सगळ्यांच्या आधार-पॅनच्या फाइली त्या एका फोल्डरमध्ये साठत जातात. आणि ई-आधारची, म्हणजे आधारच्या त्या पीडीएफची, उघडायची किल्ली असलेला पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. नाव आणि जन्मवर्ष माहीत असलेल्या कुणालाही तो लागतो, शिवाय प्रिंटसाठी तुम्हीच तो मोठ्याने सांगितलेला असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ आधार उतरवा, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. जिथे पूर्ण नंबर मागत नाहीत तिथे तेच पाठवा. प्रिंट हातात आल्यावर काउंटरवर उभं राहूनच दुकानदाराला फाइल शिफ्ट-डिलीटने काढायला सांगा. नुसतं डिलीट केलं की ती रिसायकल बिनमध्ये जाते. ती गेल्याचं बघून मग स्वतःच्या फोनवरून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. उलट क्रमाने केलं तर ‘फाइल तर दिसतच नाही’ असं उत्तर मिळतं आणि फोल्डर कुणी उघडत नाही. ‘व्ह्यू वन्स’ची, म्हणजे एकदाच उघडणाऱ्या मेसेजची, मदत इथे होत नाही, कारण ते फोटो, व्हिडिओ आणि आवाजी मेसेजना लागू आहे, पीडीएफला नाही. आणि दुकानाच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप उघडलं असेल तर निघताना ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते तोडा. खिडकी बंद केल्याने लॉग-आउट होत नाही.

बॅकअपकडे फार कमी लोक बघतात. गुगल ड्राइव्हवरची प्रत रोज किंवा आठवड्याने बदलते, नवी आली की जुनी जाते. पण एखाद्याने जागा भरली म्हणून बॅकअप बंद केला, तर शेवटची प्रत ड्राइव्हवर काही महिने तशीच पडून राहू शकते. तुम्हीही बंद केला असेल तर ड्राइव्हच्या स्टोरेजमध्ये ‘बॅकअप’ उघडून ती काढा. अँड्रॉइडच्या फोनमध्येही व्हॉट्सॲपच्या ‘डेटाबेसेस’ फोल्डरमध्ये शेवटच्या ७ दिवसांपर्यंतच्या फाइली असतात. फोटोंचं आणखी वेगळं. गुगल फोटोज जर ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ फोल्डरचा बॅकअप घेत असेल तर चॅटमधून फोटो उडवला तरी गुगलच्या खात्यात तो राहतो. तिथून काढलात की ६० दिवस ट्रॅशमध्ये. बॅकअप हवाच असेल तर सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करा, म्हणजे तो तुमच्याशिवाय कुणालाच उघडता येत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ही सोय आहे. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मिळते. ती हरवली तर बॅकअपही गेला, व्हॉट्सॲप परत मिळवून देऊ शकत नाही. कागदावर लिहून कपाटात ठेवा.

मागचं पुसता येत नाही म्हटल्यावर पुढचं साठू न देणं एवढंच हातात उरतं, आणि तिथे व्हॉट्सॲपने काम बरं केलं आहे. प्रायव्हसीमध्ये ‘डिफॉल्ट मेसेज टायमर’ आहे, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. तो पुढे सुरू होणाऱ्या वैयक्तिक चॅटनाच लागतो. चालू चॅटमध्ये आणि ग्रुपमध्ये वेगळा लावावा लागतो, आणि आधीचे मेसेज त्याने जात नाहीत. सोसायटीच्या ग्रुपसाठी ९० दिवस योग्य वाटतात, पाण्याच्या टँकरची चर्चा त्याहून जुनी कुणाला लागत नाही. हिशेब, नोटिसा आणि सभेचे ठराव मात्र अशा ग्रुपवर ठेवू नका, ते मेलवर पाठवा. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू केली की त्या चॅटचं एक्सपोर्ट आणि मीडिया आपोआप उतरणं बंद होतं. स्क्रीनशॉट तिने थांबत नाहीत. ग्रुपवर कुणी दुसऱ्याचा पत्ता किंवा लहान मुलांचे फोटो टाकले तर ते ॲडमिन सगळ्यांसाठी काढू शकतो. हे अनेक ॲडमिनना ठाऊकच नसतं.

टेलिग्रॅम

आमच्या कसोटीवर पहिला नंबर याचा. मार्च २०१९ पासून वैयक्तिक चॅटमधला कुठलाही मेसेज, तुमचा असो वा समोरच्याचा, कधीही दोन्ही बाजूंनी काढता येतो आणि मागे पाटीही राहत नाही. पूर्ण संभाषण एकाच वेळी जातं. फक्त डिलीट करताना ‘समोरच्यासाठीही काढा’ या छोट्या चौकोनावर टिक करायची असते. ती राहिली तर पुसलं ते फक्त तुमच्याकडे.

यामुळे टेलिग्रॅम एकूणच सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. साधे चॅट त्यांच्या सर्व्हरवर असतात, बोलणाऱ्या दोघांशिवाय कुणालाच वाचता न येणारं एंड-टू-एंड संरक्षण फक्त ‘सीक्रेट चॅट’ला आहे. पुढे पाठवलेल्या प्रती उरतात. आणि शेअर बाजाराच्या टिपा देणाऱ्या सार्वजनिक ग्रुपमध्ये तुमचा नंबर कुणाकुणाला दिसतो ते प्रायव्हसीतल्या ‘फोन नंबर’मध्ये आधी तपासा, तो ‘कुणालाही नाही’वर ठेवा.

एक्स आणि बाहेरची साधनं

गठ्ठ्याने पुसायची सोय एक्सने स्वतः दिलेलीच नाही. एवढं मोठं व्यासपीठ आणि दहा वर्षांचं लिखाण एकेक करून काढायचं, हे आम्हाला मान्य नाही. आधी ‘प्रोटेक्ट युअर पोस्ट्स’ चालू करा. त्याने जुन्या पोस्टही लगेच फक्त फॉलोअरपुरत्या होतात आणि सवडीने काम करता येतं. मग सेटिंग्जमधून तुमच्या सगळ्या पोस्टचा संग्रह मागवा. तयार व्हायला २४ तास किंवा जास्तही लागतात.

हा संग्रह का लागतो ते समजून घ्या. बाहेरची साधनं एक्सच्या टाइमलाइनवरून वाचतात तेव्हा त्यांना साधारण शेवटच्या ३,२०० पोस्टच मिळतात. त्यामागच्या पोस्ट असतात, पण यादीत येत नाहीत. संग्रहातल्या फाइलमध्ये प्रत्येक पोस्टचा क्रमांक असतो, तो दिला की साधन थेट ती पोस्ट काढू शकतं. ‘सगळं पुसलं’ असं साधनाने सांगूनही २०१३ च्या पोस्ट शोधात दिसतात, त्या याच कारणाने.

२०२३ मध्ये एक्सने एपीआयचा (बाहेरच्या साधनांना एक्सशी जोडणाऱ्या सोयीचा) मोफत वापर जवळपास बंद केला, तेव्हा अशी अनेक साधनं बंद पडली किंवा सशुल्क झाली. आज दोन प्रकार दिसतात. ट्वीटडिलीटसारखी संकेतस्थळं तुमच्या खात्यावर परवानगी घेऊन त्यांच्या सर्व्हरवरून काम करतात. रिडॅक्ट आणि सिड ही ॲप्स तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालतात, त्यात तुम्ही लॉग-इन करता आणि काम तिथूनच होतं. आमची पसंती दुसऱ्या प्रकाराला, कारण खात्याची किल्ली तिसऱ्याच्या सर्व्हरवर राहत नाही. रिडॅक्टमध्ये आधी ‘प्रिव्ह्यू’ चालवून काय जाणार ते बघता येतं. ते न बघता पुसायला लावू नका, गेलेली पोस्ट परत येत नाही. संगणक झोपी जाणार नाही असं सेटिंग करून रात्रभर चालू ठेवा, हजारो पोस्ट मिनिटांत जात नाहीत. काम झाल्यावर एक्सच्या ‘कनेक्टेड ॲप्स’मधून परवानगी काढून घ्या, पासवर्ड बदला.

ब्राउझरच्या मोफत एक्स्टेंशनपासून, म्हणजे त्याला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमपासून, लांबच राहिलेलं बरं. ती फेसबुकच्या पानावर तुमच्या जागी क्लिक करत जातात. पानाची रचना बदलली की भलत्याच ठिकाणी क्लिक होतं किंवा मध्येच थांबतात. शिवाय ‘या साइटवरचा सगळा मजकूर वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी त्यांना द्यावी लागते, आणि त्यात तुमचे मेसेजही आले.

मोबाइलच्या दुकानात किंवा ओळखीच्या संगणकवाल्याकडे पैसे देऊन हे काम करून घ्यायचा मोह होतो, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत. त्या माणसाकडे कुठलंही गुप्त साधन नसतं. तो हेच मेन्यू उघडतो, फक्त तुमचा पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या हातात असतो. हे काम घरातल्या कुणीतरी, शेजारी बसून करावं. ‘व्हॉट्सॲपचे जुने मेसेज समोरच्याच्या फोनमधूनही काढून देतो’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे, वर लिहिलेल्या मुदतीबाहेर ते कुणालाच जमत नाही.

पुसल्यानंतर

पोस्ट गेली तरी गुगलच्या निकालात तिचं शीर्षक आणि दोन ओळी काही काळ दिसत राहतात. त्यासाठी गुगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ नावाचं पान आहे. मूळ दुवा तिथे टाकायचा, पान खरंच गेलं असेल तर निकाल हटतो. मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता दुसऱ्याच्या साइटवर दिसत असेल तर ‘रिझल्ट्स अबाउट यू’मधून विनंती करता येते. त्याने फक्त गुगलचा निकाल जातो, मूळ पान राहतं.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. आणि याच कायद्याचं कलम ३ सांगतं की तुम्ही स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, तसंच एखाद्या व्यक्तीने घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीलाही नाही. म्हणजे तुमची जुनी सार्वजनिक पोस्ट आणि मित्राच्या फोनमधला तुमचा मेसेज, दोन्ही याच्या बाहेर. एजंट किंवा कंपनी मात्र व्यवसायासाठी डिजिटल कागदपत्रं ठेवत असेल तर ती आत येते.

अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जात मागच्या ५ वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं विचारतात, आणि डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरच्या (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अर्जदारांनाही प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. जुन्या पोस्ट काढणं निराळं आणि खातंच लपवणं निराळं. बंद केलेलं खातंही त्या ५ वर्षांत वापरलं असेल तर लिहावं लागतं, म्हणून खातं पुसण्याआधी त्याचं नाव नोंदवून ठेवा.

काही वेळा काहीच पुसू नये. पैशांची फसवणूक, धमकी, छळ, घटस्फोट किंवा घरमालकाशी वाद चालू असेल तर तो चॅट तसाच राहू द्या, टायमर बंद करा. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार गुन्हा आहे. उलट तुमच्या बाजूचे मेसेजच तुमचा पुरावा असतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्यांना प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ फोन आणि मूळ चॅट जपा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा आपल्या आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात नोंदवता येते. कुणी खाजगी, नग्न छायाचित्रं पसरवत असेल तर आधी दुवे आणि खात्याची नावं टिपून घ्या, मग त्या ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कळवा. २०२१ च्या आयटी नियमांत अशी तक्रार आल्यापासून मजकूर हटवण्याची पावलं उचलायला २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ मधल्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली आहे. तक्रारीची पोच आणि तिची वेळ जपून ठेवा, पुढे अपील करायचं झालं तर तीच लागते.